पेंढा निथळलेला, हवा ओली: घरातली आणि परसातली धिंगरी

धिंगरी अळिंबीला, म्हणजे ऑयस्टर मशरूमला, पाणी दोन ठिकाणी लागतं, पेंढ्यात बेताचं आणि हवेत भरपूर. शिकायला येणाऱ्या बाया बहुतेक वेळा उलट करतात. पेंढा निथळू देत नाहीत आणि खोली मात्र कोरडी ठणठणीत ठेवतात. म्हणून पहिल्या दिवशी मी बाकी काही सांगत नाही, फक्त ओला पेंढा मुठीत दाबायला लावते.

आम्ही मावळातले, त्यामुळे पेंढा इंद्रायणी भाताचा. गव्हाचं काड किंवा सोयाबीनचं कुटारही चालतं. माल यंदाचाच हवा, पिवळाधमक आणि पावसात न भिजलेला. कुबट वास येत असेल तर तो गोठ्यात अंथरा, अळिंबीला नको. कुट्टी बोटाच्या पेराएवढी करा.

बियाणं, म्हणजे स्पॉन, गव्हाच्या किंवा ज्वारीच्या उकडलेल्या दाण्यांवर वाढवलेलं असतं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचा संशोधन प्रकल्प आहे, तिथे आधी फोन करून विचारा. पिशवी उजेडात धरून बघा. दाण्यांवर पांढरी शुभ्र बुरशी सारखी पसरलेली हवी. कुठे हिरवा-काळा डाग, तळाला चिकट पाणी किंवा आंबूस वास आला, तर ती घेऊच नका. थंडीत पांढरी फ्लोरिडा किंवा करडी साजोर काजू ही धिंगरीची जात लावा, उकाडा वाढला की गुलाबी जात त्यातल्या त्यात तग धरते.

कुट्टी पोत्यात भरून रात्रभर पिंपात बुडवून ठेवा. सकाळी तेच पोतं 80 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं. पाणी चुलीवर तापवलं तरी हरकत नाही, पण थर्मामीटर घ्याच. नुसत्या कोमट पाण्यानं पेंढ्यातली परकी बुरशी मरत नाही आणि पुढे तीच आपल्या बुरशीच्या आधी पेंढ्याचा ताबा घेते. मग पोतं तिरप्या बाजेवर टाका, पूर्ण गार होऊ द्या. गरम पेंढ्यात बियाणं मरतं. आता ती मूठ. घट्ट दाबल्यावर तळहात ओलसर व्हावा, एखादा थेंब सुटला तरी चालेल. धार लागली तर अजून थांबा, घाई असली तरी थांबा. पाणी साचलेल्या पिशवीत हवा खेळत नाही, पेंढा आंबतो आणि बियाणं फुकट जातं.

दीड किलो कोरड्या पेंढ्याचा ओला साधारण साडेचार किलो होतो, त्याला शंभर ग्रॅम बियाणं पुरतं. हात साबणानं धुवा, पंखा बंद करा. प्लास्टिकच्या पिशवीत चार बोटं पेंढा, त्यावर कडेकडेनं दाणे, पुन्हा पेंढा, असे थर दाबून भरा. तोंड सुतळीनं बांधा आणि दाभणानं चहूबाजूंनी पंचवीस-तीस भोकं पाडा.

पुढचे पंधरा ते वीस दिवस पिशवी अंधाऱ्या खोलीत, 22 ते 28 अंशांत. या काळात पाणी अजिबात मारायचं नाही. हिरवा डाग दिसला की ती पिशवी उचलून लांब नेऊन पुरा, बाकीच्यांजवळ ठेवू नका.

पूर्ण पांढरी झाली की प्लास्टिक कापून काढा आणि गठ्ठा टांगा. इथून सगळं बदलतं. आता वाचता येईल इतका उजेड हवा, खिडकी उघडी हवी आणि हवेत ओल हवी. भिंतींना गोणपाट टांगून ते भिजवा, जमिनीवर पाणी शिंपडा, गठ्ठ्यावर दिवसातून दोन-तीनदा बारीक फवारा. देठ लांबच लांब आणि टोपी इवलीशी आली, तर हवा कोंडली आहे. टोपीच्या कडा करपल्यासारख्या सुकल्या, तर ओल कमी पडते आहे. अळिंबी आपल्याला असं स्पष्ट सांगते, म्हणून रोज सकाळी गठ्ठ्यापुढे उभं राहून नीट बघा.

टिकल्या, म्हणजे अळिंबीचे बारीक कोंब, दिसल्यावर तीन-चार दिवसांत काढणी. कडा वर वळायच्या आत हलका पीळ देऊन अख्खा घोस काढा. उशीर झाला की बीजाणूंची पांढरी पूड उडते आणि खोकला लागतो. खोलीत मास्क लावूनच जा. आठ-दहा दिवसांनी दुसरा बहर, मग तिसरा. चांगली जमली तर एका पिशवीतून किलो-सव्वा किलो मिळते.

परसात करायची असेल तरी पिशव्या भरणं आणि पांढऱ्या होणं घरातच होऊ द्या. बाहेर दाण्याच्या वासानं उंदीर आणि मुंग्या येतात. पांढरे झालेले गठ्ठेच आंब्याखाली बांबूच्या मांडवात न्या, वर पत्रा किंवा झाप, बाजूंनी गोणपाट. पावसाळ्यात हवेतली ओल आयती मिळते, फवारा कमी लागतो, पण पावसाची धार गठ्ठ्यावर पडू देऊ नका. गोगलगायी रात्री टोप्या कुरतडतात, तेव्हा गठ्ठे जमिनीपासून उंच टांगा. हिवाळ्यात मात्र वारा गठ्ठा सुकवतो. गोणपाट दिवसातून चारदा भिजवायची तयारी असेल तरच तेव्हा बाहेर करा.

तिसऱ्या बहरानंतरचा पेंढा मी केळीच्या बुंध्याशी पसरते आणि वर पालापाचोळा टाकते. पावसात तिथे कधीकधी आणखी एखादा घोस फुटतो. पण त्या जागी दुसरी छत्रीही आपोआप उगवते. शिंपल्याच्या आकाराची टोपी, बाजूला आखूड देठ आणि देठावर उतरणाऱ्या रेषा ही धिंगरीची ओळख असली, तरी बाहेर उगवलेल्याबद्दल जराही शंका आली तर खाऊ नका. पोरांनाही तिथलं काही तोडून आणू देऊ नका.