बेस कॅब कम्पेअर कसे करायचे: आधी आवाज सारखा करा, मग मत द्या

बेस कॅब म्हणजे बेस गिटारचे स्पीकर बसवलेला खोका. त्यात पंधरा इंची स्पीकर म्हणजे जास्त बेस आणि दहा इंची म्हणजे पंच (ठसठशीत ठोका), हे प्रत्येक जॅम रूममध्ये कोणीतरी ठामपणे सांगतंच. जरा हिशोब करून बघा. दहा इंचीच्या कोनचं (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याचं) क्षेत्रफळ साधारण ३५० चौरस सेंटिमीटर, पंधरा इंचीचं साधारण ८५०. म्हणजे टू बाय टेन (दहा इंची दोन स्पीकरचा कॅब) झाला ७०० चा आणि फोर बाय टेन १४०० चा, आता सांगा जास्त हवा कोण ढकलणार. खालचा आवाज किती येणार हे कोन किती आतबाहेर हलू शकतो, खोका किती लिटरचा आहे आणि पोर्ट (खोक्याला हवेसाठी ठेवलेलं भोक) कुठल्या सुराला ट्यून केलाय यावर ठरतं, नुसत्या इंचावर नाही.

आणि खालचा आवाज म्हणजे तरी नक्की काय हवंय ते पण आधी ठरवा. चार तारांच्या बेसची ओपन ई ४१ हर्ट्झची, पाच तारांच्या बेसची बी ३१ ची. अँपेग कंपनीचा एट बाय टेन, ज्याला सगळे फ्रिज म्हणतात, तो सील्ड (पोर्ट नसलेला, बंद) आहे आणि आत्ताच्या एसव्हीटी-८१०ई मॉडेलच्या स्पेकमध्ये ५८ हर्ट्झलाच तो ३ डेसिबल खाली आलेला असतो. म्हणजे ओपन ईचा मूळ सूर तो पूर्ण ताकदीने देतच नाही, तरी १९६९ पासून रॉकवाले त्याच्यावर फिदा आहेत, कारण कान तो सूर ८२ हर्ट्झच्या आणि त्याच्या वरच्या हार्मोनिकवरून (मूळ सुराच्या पटीतल्या सुरांवरून) ओळखतो. त्यामुळे स्पेकमध्ये '३५ हर्ट्झपर्यंत' वाचून लगेच हुरळून जाऊ नका, किती डेसिबल खाली ते लिहिलं नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

स्पेक शीटवर मी वॅटच्या आधी सेन्सिटिव्हिटी बघतो. एक वॅट दिला आणि एक मीटरवर मोजलं तर किती डेसिबल, हा तो आकडा. एक कॅब ९७ चा आणि दुसरा १०० चा असेल तर पहिल्याला तेवढाच आवाज काढायला दुप्पट वॅट लागतात, म्हणजे ५०० वॅटचं हेड (कॅबला जोडायचा वेगळा अँप्लिफायर) घेऊन तुम्ही दुसऱ्याच्या २५० वॅटवाल्याबरोबर बरोबरीत. आणि १००० वॅट लिहिलेला कॅब ५०० वाल्यापेक्षा जोरात वाजतो असं अजिबात नाही, तो आकडा स्पीकरच्या आतली तारेची कॉइल किती उष्णता सहन करेल त्याचा आहे, खालच्या सुरांवर कोन त्याच्या कितीतरी आधी हलण्याच्या मर्यादेला पोचतो. छोटा खोका, खोल बेस आणि जास्त सेन्सिटिव्हिटी यातलं दोनच मिळतं, तिन्ही देतो म्हणणाऱ्या जाहिरातीकडे जरा संशयाने बघा.

आता ऐकायची पद्धत, खरं काम इथेच आहे. हेड एकच, बेस एकच, इक्यूचे (बेस, मिड, ट्रेबलचे) सगळे नॉब मधोमध, कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार दाबणारा इफेक्ट) बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन्ही कॅबचा आवाज सारखा करून घ्यायचा, कारण जरासा जोरात वाजणारा कॅब नेहमीच छान वाटतो आणि दुकानात नेमका तोच विकला जातो. फोनवरचं साउंड मीटर ॲप चालेल, फक्त त्यात सी वेटिंग (कुठला सूर किती मोजायचा याचं सेटिंग) निवडा, ए वेटिंग ४० हर्ट्झला जवळपास ३५ डेसिबल कापतं म्हणजे बेससाठी ते निरुपयोगी. एका जागी उभं राहून तीच लाइन त्याच जोराने वाजवा आणि हेडचा मास्टर व्हॉल्यूम वरखाली करून आकडा जुळवा.

दोन्ही कॅब बारी-बारीने एकाच जागी ठेवायचे, शेजारी शेजारी नाही. वाटतं उगाच किचकटपणा आहे पण जागेने आवाज प्रचंड बदलतो. कॅब मागच्या भिंतीपासून ८५ सेंटिमीटरवर असेल तर १०० हर्ट्झच्या आसपास भिंतीवरून परत आलेली लाट मूळ लाटेला खाते, आणि मग कॅब पातळ आहे असं वाटतं, दोष असतो जागेचा. खुर्चीवर ठेवलात तर जमिनीचा आधार जाऊन बेस अजून कमी होतो.

मग ई तारेवर ओपनपासून बाराव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर सारख्या जोराने वाजवा. एखादा सूर उडी मारतो किंवा गायब होतो तिथे लगेच मत बनवू नका, कॅब दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन परत वाजवा, तोच सूर परत उडाला तर कॅब, दुसरा उडाला तर खोली. मित्राला वाजवायला लावून स्वतः चार-पाच मीटर लांब जा, समोरून ऐका आणि मग बाजूला सरकून ऐका. मोठा स्पीकर किंवा आडवा ठेवलेला टू बाय टेन बाजूला गेल्यावर एकदम बोथट होतो, तोच टू बाय टेन उभा ठेवला की बराच सुधारतो. शेवटी आवाज वाढवत न्या, ओपन ईवर पोर्टमधून फस्स येतं का, कोन फडफडतो का बघा. जमलं तर ड्रमरसोबतच ऐका, एकटं वाजवताना जो कॅब भरलेला वाटतो तो किक ड्रमखाली चिखल होऊ शकतो, आणि एकटा नाकातला वाटणारा कॅब बँडमध्ये मस्त बसतो.

ओहमचं (कॅब हेडला किती विद्युत रोध देतो त्याचं) थोडक्यात: ८ आणि ८ चे दोन कॅब पॅरलल जोडले म्हणजे ४, ८ आणि ४ म्हणजे २.६७, आणि बरीच हेड ४ च्या खाली चालत नाहीत. पुढे दुसरा कॅब जोडायचा विचार असेल तर पहिला ८ ओहमचाच घ्या. ट्यूब हेड (काचेच्या ट्यूबवर चालणारं) कॅब न जोडता कधीच चालू करू नका, आणि स्पीकर केबलच्या जागी गिटारची केबल तर अजिबात नको.

सेकंड हँड घेताना मल्टिमीटर घेऊन जा. ८ ओहमचा कॅब डीसीवर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ४ वाला तीन-साडेतीन, फारच वेगळं आलं तर आत एखादा स्पीकर मेलाय किंवा बदललाय. बोटं पसरून कोन हळूच सरळ आत दाबा, खरखर आली तर कॉइल घासतेय. ट्वीटरचा (वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरचा) नॉब पूर्ण वर करून ऐका, जळलेला ट्वीटर लोक सांगत नाहीत. आणि मुंबई-कोकणातला कॅब असेल तर खालच्या कडा नीट चाचपून बघा, एमडीएफने पावसाळ्यात पाणी प्यायलं की तो फुगतो आणि स्क्रू पकड सोडतात, तिथून हवा गळायला लागली की कॅब नुसता भुरभुरत राहतो.