अपघातानंतर पुन्हा गाडीवर बसताना

हाड जुळतं, डॉक्टरही गाडी चालवायला हो म्हणतात, पण समोरून ट्रक दिसला की अंग आखडतं. अशा वेळी थेट हायवेला लागू नका.

१. आधी मेकॅनिककडून हँडल, चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) आणि रिम तपासून घ्या. गाडी एका बाजूला ओढत असेल तर कितीही सराव करा, धीर येणार नाही.

२. सकाळी मोंढ्यातली (धान्यबाजारातली) किंवा शाळेची मोकळी, टणक जागा गाठा. वाळू-खडी असेल तिथं हा सराव नको. एक खूण ठरवा, २० च्या वेगानं या आणि तिथं थांबा. जमलं की हळूहळू ४० पर्यंत. दोन्ही ब्रेक एकत्र लावा. पुढचा झटक्यात न ओढता लिंबू पिळल्यासारखा दाबत न्या. खुणेवर गाडी नेमकी थांबायला लागली की निम्मी भीती तिथंच जाते.

३. नजर खड्ड्यावर नको, त्याच्या शेजारच्या मोकळ्या वाटेवर ठेवा. नजर जिथं, गाडी तिथं.

४. मग ओळखीचा गावरस्ता, दिवसाउजेडी. डबलसीट एवढ्यात नको. जिथं पडलात ती जागा सगळ्यांत शेवटी, तीही आधी कुणाच्या तरी मागं बसून.

लातूर, बीड, परभणीकडं उसाचा हंगाम सुरू असेल तर अंधारात निघूच नका. बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

आणि अपघातात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी टाकून द्या. आतलं थर्माकोल एकदा दबलं की पुन्हा तसा मार झेलत नाही. आयएसआय मार्कचं नवंच घ्या.