खुर्चीच्या चाकांनी व्हिनाइल खराब होतंय? या चुका टाळा

जमिनीवर बसवायच्या मऊ व्हिनाइल शीटच्या पोटात फोमचा थर असतो. चालताना पायाला बरं वाटतं ते त्यामुळेच, आणि खुर्चीच्या चाकाखाली दबतो तोही हाच थर. ७० किलोचा माणूस आणि १५ किलोची खुर्ची धरली, तर पाच चाकांपैकी प्रत्येकावर सरासरी १७ किलो येतात, तेही नखाएवढ्या जागेवर. मागे रेललात की मागच्या चाकांवर आणखी जास्त.

सर्वांत महागात पडते ती खुर्चीसोबत आलेली नायलॉनची कडक चाकं तशीच ठेवण्याची चूक. ती गालिचासाठी असतात. व्हिनाइलला मऊ धावेची पॉलियुरेथेनची चाकं लावा, शक्यतो ६० मिमी व्यासाची, आणि पाचही एकदम बदला. खुर्ची आडवी करून चाक सरळ बाहेर ओढलं की बहुतेकदा निघतं. दांडा बऱ्याच खुर्च्यांत ११ मिमी जाड आणि २२ मिमी लांब असतो. काहींना आटे असतात, म्हणून आधी मोजा, मग मागवा.

मऊ हवीत म्हणून काळी रबरी चाकं मात्र घेऊ नका. रबरातली रसायनं व्हिनाइलमध्ये मुरतात आणि पिवळट-तपकिरी डाग पडतो. डाग आतून असतो, त्यामुळे घासून फक्त चकाकी जाते. खुर्चीखाली टाकायची रबरी पाठीची मॅटही हेच करते. खाली काटे असलेली मॅट गालिचाची; ती तर शीटला भोकंच पाडते. सपाट पाठीची पॉलिकार्बोनेटची मॅट घ्या आणि आठवड्यातून एकदा उचलून खालची वाळू झाडा. पावसाळ्यात खालची ओलही पुसायला हवी.

टेबलाजवळ शीटला लाट येत असेल, तर दोष चाकांचा कमी आणि बसवणुकीचा जास्त. शीट नुसती अंथरलेली किंवा फक्त कडांना टेपने चिकटवलेली असली की चाकं तिला पुढे ढकलत राहतात. वर मॅट टाकून हे थांबत नाही. शीट उचला, खालची फरशी साफ करून कोरडी करा, जुन्या फरशीचे सांधे पुट्टीने सपाट करा आणि शीट पूर्ण पृष्ठभागावर गोंद पसरून चिकटवा.

उथळ पोचा हेअर ड्रायरच्या मंद उष्णतेने कधीकधी वर येतो. ड्रायर सतत हलता ठेवा. आतला फोमच चुरला असेल तर तो भाग बदलावा लागतो. उरलेला तुकडा नक्षी जुळवून वर ठेवा आणि दोन्ही थर एकदम कापा, म्हणजे सांधा नेमका बसतो. म्हणूनच बसवताना उरलेले तुकडे फेकू नका.