जागेपणी सिझर: टेबलावर काय कळतं आणि कधी बोलायचं

सिझर ठरलं की दोन धास्त्या असतात. कापताना कळलं तर? आणि काहीच कळलं नाही, बाळाचं पहिलं रडणंही ऐकू आलं नाही तर? कमरेत इंजेक्शन देऊन, म्हणजे मणक्यातली भूल देऊन सिझर करतात तेव्हा रडणं ऐकू येतं आणि कापल्याचं दुखत नाही. पण ‘काहीच कळणार नाही’ असं जे सांगतात ते खरं नाही. हात लावलेला कळतो, दाब कळतो, ओढाताण तर चांगलीच कळते. कळत नाही ते टोचणं, कापणं आणि गारवा. दाढ काढताना हिरडी बधिर असते, तरी डॉक्टर जोर लावतात तो कळतोच, हे तसंच. एवढा फरक आधी डोक्यात पक्का असला की ओढलेलं जाणवल्यावर घाबरायला होत नाही. आणि खरंच दुखलं तर ‘असंच असतं बहुतेक’ म्हणत सोसत पडायची पाळी येत नाही.

आदल्या दिवशीची तयारी

ठरवून केलेल्या सिझरच्या आधी हलकं खाणं सहा तास बंद, तळलेलं-मटणाचं जड जेवण आठ तास बंद. साधं पाणी किंवा बिनदुधाचा कोरा चहा साधारण दोन तास आधीपर्यंत चालतो, पण तुमच्या दवाखान्यात सांगतील ती वेळ पाळा. आपल्याकडे घोळ होतो तो पेजेचा. पेज कितीही पातळ केली तरी ते जेवणच. सोलकढीत नारळाचं दूध असतं, म्हणून ती पाण्यात धरत नाहीत. ताकही नाही. उपाशी ठेवतात ते पुढे गरज पडलीच तर पूर्ण भूल द्यावी लागेल म्हणून. तेव्हा पोटात अन्न असलं तर ते उलटून फुफ्फुसात जाऊ शकतं, आणि गरोदरपणात हा धोका एरवीपेक्षा जास्त असतो. सासूबाईंनी मायेने पहाटे भरवलेली दोन वाटी पेज लपवू नका. खाल्लं असेल तर किती वाजता ते सांगा.

डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या घरीच काढून ठेवा. दोन्ही हातांचं काम असतं, एकात सलाईन आणि दुसऱ्यावर बीपीचा पट्टा, आणि ऐनवेळी चुडा फोडत बसायला कुणाला सवड नसते. मंगळसूत्र, जोडवी, नथ घरच्यांकडे द्या. निदान दोन बोटांचं नेलपॉलिश पुसा, ऑक्सिजन मोजायचा चिमटा तिथे लागतो. पोटाखालचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. बारीक चिरा पडतात आणि तिथून जंतू शिरतात. लागतील तेवढे दवाखान्यात कापतात.

आता भूलतज्ज्ञांना काय सांगायचं ते. कोकणात तालुक्याच्या गावी बऱ्याचदा ते फोन केल्यावर येतात, त्यामुळे त्यांची पहिली भेट थेट टेबलापाशीच होते. म्हणून ही माहिती कागदावर लिहून फाईलला लावून ठेवा: आधीची ऑपरेशनं आणि तेव्हाच्या भुलेचा त्रास, कसली अॅलर्जी, दमा, बीपी, हलणारा दात. रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू असतील तर शेवटचं किती वाजता घेतलं ते जरूर लिहा. एनॉक्सापॅरिन हे त्यातलंच एक; त्याच्या कमी मात्रेनंतर मणक्यात सुई घालायला १२ तास जावे लागतात, मोठ्या मात्रेनंतर २४.

पावसाळ्यात ताप येऊन गेला असेल तर तोही लिहा. डेंग्यू आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) दोन्हींत प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी होतात, आणि फार कमी झाल्या असतील तर मणक्यात रक्तस्राव होण्याच्या भीतीने ही भूल देत नाहीत. आणखी एक गोष्ट इथल्या बायकांनी आवर्जून सांगावी: विंचू चावल्याची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिनचा उपचार रूढ केल्यापासून विंचूदंशाने माणसं दगावणं खूप कमी झालं. पण पूर्वी विंचू चावलेल्या काही रुग्णांना मणक्यातली भूल उशिरा किंवा अपुरी लागल्याची नोंद भारतीय भूलतज्ज्ञांनी केलेली आहे. लाकडं काढताना लहानपणी चावला होता, त्याचं आता काय, असं म्हणू नका. सांगितलंत तर भूल नीट चढली का, हे ते जास्त काटेकोर बघतील.

कमरेतलं इंजेक्शन

ऑपरेशनची खोली गार असते. बसवून किंवा कुशीवर वळवून पाठ वाकवायला सांगतात: हनुवटी छातीला, खांदे सैल आणि कंबर मागे, सुईच्या दिशेला. पोट आड येतं, तरी जमेल तेवढं वाका, म्हणजे मणक्यांमधल्या फटी उघडतात आणि सुई पहिल्या प्रयत्नात लागायची शक्यता वाढते. कळ चालू असेल तर तसं सांगा, ती ओसरेपर्यंत थांबता येतं. आधी गार स्पिरिट, मग कातडी बधिर करणारा एक चुरचुरीत टोचा. खरी सुई अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असते. तिचा दाबच जाणवतो. मज्जारज्जू वरच संपलेला असतो आणि सुई त्याच्या खालच्या फटीत जाते, म्हणून ‘पाय लुळे पडतील’ ही भीती धरू नका. पायात करंटसारखी सणक गेली तर हलू मात्र नका; कुठल्या पायात गेली तेवढं सांगा, सुईची दिशा बदलतात.

औषध असतं दोनेक मिलिलिटर. ते आत गेल्यावर लगेच आडवं करतात. तळपाय गरम होतात, मग मुंग्या येतात, मग पाय जड. काही जणींना पाय सरळ ठेवलेले असूनही गुडघे दुमडलेलेच वाटतात. संवेदना जाताना मेंदूकडे पायाची जी शेवटची खबर असते तीच तो धरून बसतो. घाबरायचं कारण नाही. लघवीची नळी यानंतर घातली तर कळतही नाही. आधीच घालायला निघाले तर ‘भूल दिल्यावर घाला’ असं खुशाल म्हणा.

पहिली दहा मिनिटं बीपीची. भुलेने खालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी उतरतं, आणि त्याची पहिली खूण बहुधा मळमळ असते. जांभया, घाम, कान बंद झाल्यासारखे वाटणं, डोळ्यांपुढे अंधारी हेही त्यातलंच. ‘मळमळतंय’ एवढा एक शब्द ताबडतोब बोला. बीपी वर आणायचं औषध सलाईनमधून दिलं की एक-दोन मिनिटांत बरं वाटतं. उजव्या ढुंगणाखाली उशी सारतात तीही याचसाठी, गर्भाशयाचा भार मोठ्या शिरांवर पडू नये म्हणून. उलटी आलीच तर मान कुशीला वळवा, उठायचा प्रयत्न करू नका.

दुसरी घाबरवणारी गोष्ट म्हणजे श्वास. छाती बधिर झाली की छाती फुगलेली कळत नाही आणि श्वास चालत नाहीये असं वाटतं. खरा श्वास छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा ओढत असतो, आणि त्याच्या नसा मानेतून येतात. तिथवर भूल पोचलेली नसते. पारख सोपी आहे: मोठ्याने बोलता येतंय आणि मूठ घट्ट वळता येतेय, तर श्वास ठीक आहे. आवाज बारीक व्हायला लागला, मूठ सैल पडली किंवा हाताच्या बोटांत मुंग्या आल्या तर भूल फार वर चढतेय, लगेच सांगा.

मग तपासणी. स्पिरिटचा बोळा पायापासून छातीपर्यंत लावत ‘गार लागतं का?’ विचारतात. बोळा लागलेला कळणारच, ओलंही कळेल. प्रश्न गारव्याचा आहे. भूल स्तनांच्या रेषेपर्यंत चढलेली हवी. छेद खाली असला तरी पोटाच्या आतल्या पातळ आवरणाच्या नसा वरून येतात, आणि नुसती बेंबीपर्यंत भूल असली तर कापताना दुखत नाही पण आत हात घातल्यावर दुखतं. डॉक्टर घाईत दिसतात म्हणून ‘नाही लागत’ म्हणू नका. गार लागलं तर ‘अजून लागतंय’ म्हणा, कुठे ते हात लावून दाखवा. वाट बघता येते, टेबलाचा उतार बदलता येतो, भूल पुन्हा देता येते. हे सगळं छेद घेण्याआधीच सोपं असतं.

पडद्यापलीकडे

छातीपाशी हिरवा पडदा लावतात. पलीकडून हत्यारांचा खणखणाट, पाणी ओढणाऱ्या मशीनचा घरघराट येतो. मध्येच केस जळल्याचा वास आला तर ती रक्तवाहिन्या बंद करायची मशीन. डोक्यावरच्या दिव्याच्या तावदानात पोटाचं प्रतिबिंब दिसू शकतं. नको असेल तर दिवा जरा वळवायला सांगा.

सुरुवातीला पोटावर नुसती हालचाल कळते. बाळ काढायच्या वेळी मात्र कुणीतरी बरगड्यांखाली दोन्ही हातांनी जोरात दाबतं. तो दाब अंगावर येतो, अर्धा मिनिट दमच कोंडतो. छोटे छोटे श्वास घ्या, ओरडावंसं वाटलं तर ओरडा. दुखणं हे नव्हे, पण हलकं प्रकरणही नव्हे, आणि आधी सांगितलेलं नसलं तर बाई हादरते. पहिल्या सिझरला छेद घेतल्यापासून बाळ बाहेर यायला साधारण पाच ते दहा मिनिटं. दुसऱ्या-तिसऱ्याला आत चिकटलेलं सोडवावं लागतं, म्हणून जास्त.

बाळ बाहेर येतं आणि रडत नाही, ते काही सेकंद फार लांब वाटतात. बरीच बाळं अंग पुसून पाठ चोळल्यावर रडतात. हातपाय निळसर, अंगावर पांढरा चिकट थर, हे नेहमीचंच. बाळ ठीक असेल तर नाळ मिनिटभर थांबून कापलेली चांगली, त्याला रक्त जास्त मिळतं. याबद्दल आधीच बोलून ठेवा. बाळ गालाशी आणून दाखवा, एक हात मोकळा ठेवा, हेही आधीच सांगायचं. नवऱ्याला किंवा आईला आत घेतात का ते दवाखान्यावर असतं. बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, पण विचारल्याशिवाय सोडू नका.

यापुढचं कुणी सांगत नाही. वार सुटायला आणि रक्त थांबायला इंजेक्शन देतात, त्याने तोंड तापतं, छातीत धडधडतं, मळमळतं. गर्भाशय शिवायला कधी पोटाबाहेर उचलून घेतात, तेव्हा पोटातून छातीपर्यंत ओढ लागते. खांदा दुखायला लागतो, आणि खांद्याला तर कुणी हात लावलेला नसतो! पोटातलं रक्त आणि हवा श्वासाच्या पडद्याला लागते, त्याची आणि खांद्याची नस मानेतल्या एकाच जागेतून निघते, म्हणून मेंदूची गल्लत होते. थोड्या वेळाने जातं. दात वाजेपर्यंत थंडी भरते, तीही भुलेची; गरम पांघरूण मागा, औषधही असतं. बाळ अंगावर घेतलं असेल तर दुसऱ्याचा हात त्याला हवाच. शिवायला अर्धा-पाऊण तास लागतो. कंटाळा येतो, तो आला तर उत्तमच.

बाळ झाल्यावर बऱ्याच ठिकाणी झोपेचं इंजेक्शन सर्रास देतात. त्याने पुढचा तास धूसर होऊ शकतो. नको असेल तर ‘मला जागं राहायचंय’ हे भूल द्यायच्या आधी सांगा.

दुखलं तर

‘कसंतरी होतंय’ म्हणू नका, ते दाबालाही म्हणता येतं. टोचतंय, कापल्यासारखं होतंय, जळतंय, असं नेमकं बोला. मालवणीत ‘माका दुखता, हंय’ म्हटलंत तरी समजतं. कण्हणं मात्र पडद्यापलीकडे पोचत नाही, म्हणून उशाशी असलेल्या भूलतज्ज्ञांना सांगा. हात थांबवून ते शिरेतून वेदनाशामक देतात, जखमेत बधिर करणारं औषध सोडतात, आणि तेवढ्याने भागलं नाही तर पूर्ण भूल. पूर्ण भूल म्हणजे काही बिघडलं असं नाही. बाळाचे ठोके मंदावत असले किंवा रक्तस्राव मोठा असला तर सुरुवातीलाच ती देतात, आणि ते बरोबर असतं.

खाटेवर आल्यावर

पाय पूर्ण यायला दोन ते चार तास जातात. बोटं आधी हलतात. तोवर पायाशी गरम पाण्याची पिशवी, शेक, शेगडी काहीही नको. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही, फोड आल्यावरच दिसतं. (बंद खोलीत कोळशाची शेगडी तर नंतरही नको.) चार-सहा तासांनीही पाय जड असतील, किंवा येऊन पुन्हा गेले तर नर्सला उठवा. पहिल्यांदा उभं राहताना दोन्ही बाजूंना माणूस पाहिजे.

बाळाला पहिल्या तासात छातीशी लावा. पोट शिवलेलं असतं, म्हणून कुशीवर पडून किंवा बाळाचे पाय काखेखालून मागे घेऊन पाजणं सोपं पडतं. चीक थेंब-थेंबच येतो, तेवढा पुरतो.

‘उशी घेऊ नको, पाणी पिऊ नको’ हे दोन्ही सल्ले सोडा. उताणं पडून राहिल्याने भुलेनंतरची डोकेदुखी टळत नाही, आणि बाळंतिणीचं पाणी तोडण्यात काहीच भलं नाही. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर पाणी, मग पेज, मग कुळथाची पिठी, काहीही चालेल. ती डोकेदुखी ओळखायची खूण अशी: उठून बसलं की कपाळ आणि मान ठणकते, आडवं झालं की उतरते. पहिल्या दोन-तीन दिवसांत येते. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि चहा-कॉफी यावर बहुतेक भागतं. न भागल्यास आपलंच थोडं रक्त मणक्यात सोडून ती बंद करता येते, त्यासाठी भूलतज्ज्ञांकडे जा. आडवं होऊनही न उतरणारी, ताप, झटका किंवा नजर धूसर असलेली डोकेदुखी वेगळी: तिला घरी थांबू नका, आणि तासाभरात पॅड भिजत असेल तरीही नाही, १०८ बोलवा. वाडीपर्यंत गाडी येत नसेल तर ती कुठवर येते हे घरच्यांनी आधीच बघून ठेवायचं.

कंबरदुखीचा दोष सगळ्या बायका त्या इंजेक्शनला देतात. टोचल्या जागी चार दिवस ठणकतं, एवढं खरं. त्यानंतर कंबर दुखते ती नऊ महिन्यांचा भार आणि वाकून पाजणं यांमुळे.

सुटी घेताना डिस्चार्ज कार्डावर भुलेबद्दल दोन ओळी लिहून मागा: कुठली दिली, किती प्रयत्नांत लागली, कमी पडली का, मध्ये काय द्यावं लागलं. पुढच्या वेळी दवाखाना आणि भूलतज्ज्ञ वेगळे असतील, आणि तेव्हा सगळ्यात आधी तोच कागद लागतो.