12 ऑगस्टचा फोटो आधीच ठरवा

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या जयंतीला, 12 ऑगस्टला, ग्रंथपाल दिनाची बातमी छापून येते. फोटो बहुतेक वेळा ठरलेला: प्रतिमेला हार, मागे कुलूपबंद कपाटं. मालिकेत किंवा गॅदरिंगच्या नाटुकल्यात ग्रंथपाल आला, की तो टेबलामागे पेंगतो किंवा ओठांवर बोट ठेवून 'श्श' करतो. हे चित्र निरुपद्रवी नाही. पगार आणि पुस्तकखरेदी ठरवणाऱ्या समितीतली माणसंही तेच पाहत मोठी झालेली असतात. 'नाहीतरी बसूनच असतात' असं म्हणून ग्रंथपालाच्या गळ्यात दुसरी कामं पडतात ती त्यामुळेच.

दिसण्यावरून वाद घालू नका. 2003 साली अमेरिकेत सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांची बाहुली निघाली. पाठीवरचं बटण दाबलं की तिचं बोट ओठांवर जायचं. ग्रंथपालांमध्येच दोन तट पडले: कुणाला तो अपमान वाटला, कुणी ती कौतुकानं टेबलावर ठेवली. दोन्हीकडे चर्चा चेहऱ्याची आणि पेहरावाचीच झाली. 'आम्ही बघा किती मॉडर्न' हे उत्तरही त्याच खड्ड्यात नेतं. दाखवायचं ते काम.

त्यासाठी आधी नोंद हवी. जुलैच्या पहिल्या तारखेपासून देवघेवीच्या टेबलावर एक वही ठेवा आणि वाचकानं विचारलेला प्रत्येक प्रश्न एका ओळीत लिहा: काय विचारलं, कशात सापडलं, किती मिनिटं लागली. वाचकाचं नाव लिहायचं नाही. पुस्तकं किती गेली-आली हा आकडा देवघेव नोंदवही आणि संगणकातून निघतो, पण ग्रंथपालाच्या डोक्याचं काम या वहीतच दिसतं. महिनाभरात तिथं पोलीस भरतीच्या जुन्या प्रश्नपत्रिका असतील, सोलापुरातल्या 1930 च्या मार्शल लॉबद्दलचा संदर्भ असेल, एखाद्या आजोबांना हवं असलेलं तेलुगू पुस्तक असेल. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवायला सांगतं. तो वेळ इथं मिनिटांत मोजता येतो.

मग दार पाहा. आत शिरताच 'शांतता राखा', 'मोबाईल बंद ठेवा', 'पुस्तकं हाताळू नका' अशा तीन पाट्या असतील, तर फोटोग्राफर त्याच टिपणार. शांततेची पाटी फक्त अभ्यासिकेच्या दारावर ठेवा, तिथं ती खरंच लागते. देवघेवीच्या टेबलावर 'काय हवंय? विचारा' अशी पाटी मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूत लावा. सोलापूरच्या तेलुगू भाषक पूर्व भागात तेलुगू ओळ सर्वांत वर घेतली तरी चालेल.

फोटोग्राफर आला की तो सहसा म्हणतो, 'पुस्तक हातात घेऊन कपाटापुढे उभे राहा.' नम्रपणे दुसरी जागा दाखवा: जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव खंडावर वाचक आणि ग्रंथपाल दोघं वाकलेले, उजेड खिडकीकडून. वाचकाची परवानगी आधी घ्या, मुलं असतील तर पालकांची. संगणकाच्या पडद्यावर सभासदांची यादी उघडी राहिली नाही ना, हे तपासा. कोण काय वाचतं हे छापून येणं हा वाचकाचा विश्वासघात आहे.

प्रेसनोटमध्येच बहुतेक जण चुकतात. पहिल्या वाक्यात अध्यक्ष, दुसऱ्यात प्रमुख पाहुणे, मग प्रास्ताविक, सूत्रसंचालन आणि आभार. उपसंपादकाला जागा कमी असते. तो खालून छाटतो, नावं उरतात आणि काम जातं. म्हणून वहीतला सर्वांत बोलका आकडा पहिल्या वाक्यात घ्या आणि नावं शेवटी ठेवा. मजकूर दीडशे ते दोनशे शब्दांचा, युनिकोडमध्ये. जुन्या फॉन्टमधली फाईल समोरच्या संगणकावर अगम्य चिन्हांची होते आणि बाजूला पडते. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला तर त्याचा दर्जा घसरतो, तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. सोबत दोन ओळींची फोटोओळ द्या, नाहीतर ती दुसरं कुणीतरी अंदाजानं लिहील. हे सगळं दुपारी चारच्या आत पोहोचवा.

गॅदरिंगच्या नाटुकल्यासाठी तालमी सुरू होण्याआधी लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला भेटा. 'श्श' काढून टाका एवढंच सांगून भागत नाही, कारण त्याला हशा हवा असतो. त्याला खरा प्रसंग द्या. वाचक म्हणतो, 'ती निळ्या कव्हरची जाड कादंबरी द्या.' ग्रंथपाल विचारतो: कुणी सुचवली? गोष्ट कुठे घडते? कधी वाचली होती? तीन प्रश्नांत पुस्तक हातात. प्रेक्षक हसतात, आणि संदर्भसेवा म्हणजे काय हेही त्यांना दिसतं.

छापून आलेल्या लेखात ग्रंथपालाची टिंगल असेल, तर दुसऱ्या दिवशीच संपादकांना शंभर-सव्वाशे शब्दांचं पत्र द्या. 'भावना दुखावल्या' हे शब्द टाळा, त्यावर कुणी पुढे वाचत नाही. एक चूक दाखवा, वहीतलं एक उदाहरण द्या आणि लेखकाला देवघेवीच्या वेळेत तासभर येऊन बसायचं निमंत्रण द्या. वार आणि वेळ पत्रातच लिहा, शक्यतो संध्याकाळची, कारण टेबलाभोवती सर्वाधिक गर्दी तेव्हाच असते.