एचआयव्ही आणि टी-सेलची व्हरायटी: पेपर वाचताना काय बघायचं

एमएस्सी मायक्रोच्या पोरांना सेमिनारला हा विषय मिळाला की पहिल्याच स्लाइडवर सीडी४ काउंट (सीडी४ जातीच्या टी-सेल, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्तात किती) टाकून मोकळे होतात, आणि घोळ तिथेच होतो. काउंट म्हणजे पेशी किती, डायव्हर्सिटी म्हणजे किती प्रकारच्या. दोन पेशंटचा काउंट ६०० असला तरी आतला माल वेगळा असू शकतो.

तर आधी पेन्सिल घ्या आणि पेपरात जिथे जिथे टी-सेल आलंय तिथे ४ का ८ ते लिहून ठेवा. सीडी४ मध्ये व्हायरस शिरतो, आणि शिरलेल्या पेशींना मारायचं काम मुख्यतः सीडी८ या दुसऱ्या जातीच्या टी-सेलचं. औषधाशिवाय व्हायरस दाबून ठेवणारे, म्हणजे एलिट कंट्रोलर, शंभरात एकसुद्धा नसतात, त्यांच्यावरचे बरेचसे पेपर सीडी८ बद्दलच असतात.

मग एचएलए शोधा, हा भाग नीट कळला की अर्धं काम झालं. एचएलए म्हणजे पेशीने बाहेर मांडलेलं ताट समजा, आतल्या प्रोटीनचे तुकडे त्यात वाढलेले असतात आणि टी-सेल बघून जातो की घरचं आहे का परकं. टी-सेलची परीक्षा होते छातीतल्या थायमस ग्रंथीमध्ये, घरच्या तुकड्यांवर जो फार चिडतो तो तिथेच बाद. हे ताट माणसागणिक वेगळं असतं, बी७, बी२७, बी५७ ही त्याच्या प्रकारांची नावं. आता ब्रूस वॉकर, अरूप चक्रवर्ती वगैरे संशोधक मंडळींनी २०१० मध्ये हिशोब मांडला की संरक्षण न देणाऱ्या बी७ च्या ताटात घरचे साधारण १,८०,००० प्रकारचे तुकडे बसू शकतात, पण बी५७ च्या ताटात ७०,००० च्या आसपासच. म्हणजे थायमसमधली परीक्षा सोपी, बाद होणारे कमी, आणि तुकडा थोडा बदलला तरी ओळखणारे टी-सेल सुटून बाहेर येतात. एचआयव्ही सारखा रूप बदलत असतो, त्याच्यासमोर असलेच कामाला येतात.

बी२७ पण एचआयव्हीत बऱ्यापैकी संरक्षण देतो (हो, तोच बी२७, जो पाठ आखडली की डॉक्टर स्पॉन्डिलायटिससाठी तपासायला सांगतात).

पण चांगला एचएलए असून सुद्धा बऱ्याच जणांना कंट्रोल जमत नाही, म्हणून एकच एचएलए असलेल्यांची आपसात तुलना केलीय का ते बघाच. बी२७ वाल्यांवर २०१२ मध्ये असा अभ्यास झाला, त्यात फरक निघाला तो टी-सेलच्या संख्येत नाही तर रिसेप्टर (टी-सेल ज्याने ताटातला तुकडा ओळखतो तो भाग) कुठल्या जातीचा आणि तो मारतो किती जोरात यात. माझ्या मते नुसतं 'व्हरायटी जास्त म्हणजे चांगलं' लिहिणाऱ्याचे मार्कच कापावेत.

ग्राफ बघताना दोन गोष्टी. मिसळीत सात कडधान्यं म्हणतात आणि वाटीत नव्वद टक्के मटकीच निघते, तसं क्लोन (एकच रिसेप्टर असलेल्या पेशींचा गट) किती यासोबत कुणाचा वाटा किती तेही बघा, आणि जास्त पेशी सिक्वेन्स केल्या (त्यांच्या रिसेप्टरचे जीन वाचले) की जास्त प्रकार सापडणारच. दुसरं म्हणजे सॅम्पल कधीचं, एआरटी (एचआयव्हीची रोजची औषधं) चालू होती का, कारण जुनं इन्फेक्शन स्वतःच व्हरायटी खाऊन टाकतं, मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला कळत नाही.

आणि कुणी पेशंटने 'माझा बी५७ निघाला, गोळ्या बंद करू का' विचारलं तर सरळ नाही म्हणा. उलट बी५७:०१ (बी५७ चाच एक उपप्रकार) असेल तर अबाकावीर हे एचआयव्हीचं औषध देत नाहीत, जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी होऊ शकते, म्हणून तो रिपोर्ट एआरटी सेंटरच्या डॉक्टरांना दाखवायला सांगा.