पावसात कुजणारी सदाफुली अशी वाचवली

संकरित सदाफुली उन्हाळाभर फुलते आणि पावसात माती ओली असूनही माना टाकते. पाणी कमी पडलं समजून आणखी घालू नका. बुंध्याशी काळपट, मऊ डाग दिसला तर तो बहुधा फायटोफ्थोरा, म्हणजे मुळं-बुंधा कुजवणारा बुरशीसारखा रोगजंतू. डागाने बुंधा वेढलेलं रोप वाचत नाही, मातीसकट फेकलं. ती माती परत वापरू नका.

फक्त शेंडे काळवंडलेली रोपं मात्र सावरली. काळ्या भागाच्या दोन सेंमी खाली कापलं, कात्री दर वेळी स्पिरिटने पुसली. तपकिरी, बुळबुळीत मुळं काढली. नवं मिश्रण: दोन भाग माती, दोन भाग जाड वाळू, एक भाग जुनं शेणखत. कोकोपीट मुद्दाम टाळलं, पावसात ते पाणी धरून बसतं. कुंडी सहा इंची. मोठ्या कुंडीत मधली माती वाळतच नाही. मेटॅलॅक्सिल-मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम, मुळाशी ओतलं (हातमोजे घालून).

कुंड्या विटांवर, पागोळ्या लागणार नाहीत पण सकाळचं ऊन मिळेल अशा. वरची इंचभर माती कोरडी झाल्यावरच पाणी, तेही बुंध्याशी, पानांवर नाही. नवी पालवी येईपर्यंत खत बंद.

गावठी गुलाबी सदाफुलीला यातलं फारसं काही लागत नाही.